छायेशी द्वंद्वडाव

निर्णयविज्ञान प्रयोगशाळेच्या उत्तरेकडील दालनात डॉ. पद्मनाभ हर्डीकर पडद्यावरील आलेख तृप्त नजरेने न्याहाळत होते. सात महिन्यांपूर्वी पोकरच्या शंभर सराव-लढतींपैकी अठ्ठावीस जिंकणारा हा गृहस्थ आता एकाहत्तर जिंकत होता. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आपली बुद्धी अशी पालवली, याचे त्यांना मोठे कौतुक वाटत होते.

दर रविवारी दुपारी प्रयोगशाळेचे सहा आजी-माजी शास्त्रज्ञ आपापल्या घरून आंतरजालावर जमत आणि पोकरची छोटीशी स्पर्धा खेळत. पैशाला तिथे मज्जाव होता. ही प्रथा पाडली होती संस्थेच्या निवृत्त संचालिका डॉ. सुमती वैशंपायन यांनी. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांचा नियम असा, की अंतिम लढत हरणाऱ्याने आपले नेमके कुठे चुकले ते सर्वांसमक्ष सांगायचे. या दोषकथनाचा मान अकरा वर्षे बहुधा पद्मनाभांकडेच असे. "पद्मनाभरावांची दुसरी जागा आरक्षितच आहे," अशी थट्टा चाले, आणि ते हसून सोसत.

आज मात्र आपली अभ्यासपद्धती प्रसिद्ध करावी, या विचाराने त्यांनी संगणकशास्त्रज्ञ नफीसा मुजावर यांना बोलावले होते. ज्या यंत्रणेवर ते सराव करत, ती एखाद्या माणसासारखी हुबेहूब खेळणारी छायाखेळाडू यंत्रणा नफीसा यांचीच निर्मिती.

"पटावर सहा जण असले, की माणूस पाचांतले चार डाव न खेळताच सोडतो," पद्मनाभ म्हणाले. "त्याचे मन झाकलेले राहते. तिघे उरले, की आडोसा कमी होतो. आणि द्वंद्वडावात, म्हणजे दोघेच उरले असता, जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर निर्णय घ्यावाच लागतो. अशा तीनशे डावांतून तुमची छाया त्या माणसाचे धैर्य, भय, स्मरण, सारे उचलते."

"आणि माणूस बदलला की छायाही बदलते, कारण त्याचे नवे डाव तिच्यात मिसळत राहतात. ही कोणाची छाया आहे, सर?"

पद्मनाभांनी चष्मा पुसायला घेतला. "बाईंची."

"त्यांची अनुमती घेतलीत?"

"रविवारच्या नोंदी माझ्याकडे होत्याच."

"मी ते विचारले नव्हते," नफीसा शांतपणे म्हणाल्या आणि आलेखाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "यात दोन राशी आहेत. एक तुम्ही, एक छाया. बदलली ती कोणती, हे कशावरून ठरवलेत?"

"म्हणजे?"

"सात महिन्यांपूर्वीची छाया मी गोठवून ठेवली आहे. तिच्याशी खेळून बघा."

दोन दिवसांत पद्मनाभ चाळीस लढती खेळले. त्यांतल्या अकरा जिंकले.

"तुमचा खेळ होता तिथेच आहे, सर," नफीसा म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते शब्द अधिक लागले. "तुम्ही चढला नाहीत. त्या उतरल्या."

मग त्यांनी आजची छाया उलगडून दाखवली. शेवटचे पान उघडेपर्यंत पहिल्या फेरीतली पैज तिच्या ध्यानात राहत नव्हती. पद्मनाभांनी मान खाली घातली. हे त्यांना चैत्रापासून ठाऊक होते. 'दुर्बल स्थान' असे वहीत टिपून त्यांनी प्रत्येक रविवारी तिथेच हूल दिली होती. जिथे वैद्याला हाक मारायची, तिथे त्यांनी पैज वाढवली होती.

गेल्या रविवारी दोषकथनाच्या वेळी बाई किती वेळ गप्प राहिल्या होत्या. मग म्हणाल्या होत्या, "माझे दोष आज पद्मनाभच सांगेल. तेवढा तो मोठा झाला आहे." सगळे हसले होते. सर्वांत मोठ्याने पद्मनाभच हसले होते.

नफीसांशी बोलणे झाले त्याच संध्याकाळी पद्मनाभ बाईंच्या घरी गेले. छाया, नोंदी, वही, काहीही न लपवता त्यांनी सांगून टाकले. बाईंनी मधे एकदाही अडवले नाही.

"केव्हापासून उतार दिसतो?" एवढेच त्यांनी विचारले.

"माघापासून. बाई, मी क्षमा मागायच्या लायकीचासुद्धा..."

"ते नंतर. मला वाटत होते, मी तुला शिकवण्यात अखेर यशस्वी झाले. शेजारच्या कुलकर्णीबाईंना दोनदा सांगूनही आले." त्या किंचित हसल्या. "दोनदा सांगितले, हे त्यांनी मला सांगितले."

पद्मनाभांना वर पाहवेना.

"तपासण्या करून घेते," बाई म्हणाल्या. "नव्या उपचारांनी मेंदूची झीज थांबते म्हणतात, काही वेळा भरूनही येते. पण गुण येतो आहे की नाही, हे डॉक्टरांना सहा-सहा महिने कळत नाही. तुझ्या छायेला आठवड्यात कळेल. तिला मोडू नकोस. माझे नवे डाव तिला देत राहा आणि रोज खेळ. तू हरू लागलास, की मला सांग."

"मी तिच्याशी पुन्हा खेळू शकणार नाही, बाई."

"खेळावे लागेल. आणि दयेपोटी मुद्दाम हरलास, तर मापन नासेल. जिथे घाव घालत होतास, तिथेच घाल. पूर्ण कौशल्याने. माझ्या अनुमतीने."

उपचार सुरू होऊन पाच आठवडे झाले. रोज सकाळी पद्मनाभ छायेसमोर बसत. शेवटचे पान उघडले, की तिने पहिली पैज आठवावी, हूल ओळखावी, आपला धुव्वा उडवावा, अशी ते मनोमन विनवणी करत, आणि मग शब्दाला जागून पैज वाढवत. छाया दर वेळी फसे.

त्या दिवशी दहा लढती संपल्यावर त्यांनी फोन लावला.

"किती जिंकलास?" बाईंनी विचारले.

"सात."

"असू दे. उद्या पुन्हा खेळ. आणि पद्मनाभ, काल किती सांगितले होतेस रे?"

"सातच, बाई."