मामांचं नाव दिलेला लॅपटॉप

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पलूसला घडलेली ही गोष्ट खरी आहे. गेल्या फाल्गुनातली, भर दुपारची.

पल्लवीनं जुन्या लॅपटॉपवर एक साधन घातलं होतं. काळ्या पडद्यावर एक शब्द लिहिला की ते यंत्राची कुंडली मांडायचं. नाव काय, किती वेळ चालू, बॅटरी किती. कुठल्या ओळी दिसाव्यात, ते ती फाईलमध्ये लिहीत होती.

यंत्राला नाव हवं होतं.

ट्रॅक्टरवर घरच्या थोरल्याचं नाव घालतात, तसं तिनं सासऱ्यांचं, मामांचं घातलं. बिराप्पा. ते तेव्हा मेंढरं घेऊन कोरेगावकडं गेलेले.

तिनं कुंडली मांडली.

नाव बिराप्पा.

चालू... सत्तावीस हजार तीस दिवस.

लॅपटॉप तर आत्ताच लावलेला!

तिनं हिशेब केला. चौऱ्याहत्तर वर्षं.

मामांचं वय.

तिनं ती ओळ फाईलमधून काढली. पुन्हा मांडलं.

ओळ तिथंच...

आणि वीज गेली.

बॅटरी चाळीस. बघता बघता एकतीस.

तिनं फोन लावला. "मामा, बरं हाय न्हवं?"

"हाय की. आज सासरा कसा काय आठवला गं?" ते हसले. मग खोकले. "जरा दम लागलाय. ऊन लय हाय."

एकोणीस.

"आवं, सावलीत बसा. संगतीच्या ज्ञानूभावजींना हाक मारा."

"बसलोय गं, बसलोय..."

ती नाव बदलायला गेली. बदलेना. बंद करायला हात धजेना. आसपास कुणाकडं इन्व्हर्टर नव्हता.

दोन.

एक...

पडदा विझला.

फोनवर मेंढरांचा आवाज येत राहिला. मामांचा नाही.

तेरावं झाल्यावर नाव पुसायला तिनं लॅपटॉप लावला. नाव आधीच बदललं होतं.

हरणाबाई.

तिची सासू.

त्या दिवसापासून चार्जरची वायर काढलेली नाही. म्हातारीला कळलंय. ती समोर येऊन बसते.

"काढ की गं ती वायर. म्हातारा एकलाच गेलाय तिकडं."

"आत्या, असलं बोलू नगा."

पल्लवी काढत नाही.

पण आज तिच्या मोबाइलवर मेसेज आलाय. तारांच्या कामासाठी उद्या सकाळी नऊ ते पाच वीज बंद...