महासरदारांच्या बाहीवरच्या मुंग्या

टण्ण! मावशीच्या बोटातलं अंगुस्तान फरशीवर पडलं आणि सगळी खोली दचकली. जिच्या हातून कधी सुईसुद्धा सुटत नसे, त्या मावशीच्या हातून!

"चोरी केली नाहीस ना? मग घाबरतेस कशाला?" ताई म्हणाली. तेरा वर्षांच्या ताईकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असे. सुट्टीत तिच्याबरोबर मावशीकडे आलेली धाकटी भावंडं, चष्मिस आणि टिकली, त्या उत्तरांवरच जगत.

"त्या सरदारांच्या खोलीत बाहेरची अशी मी एकटीच जाते गं. चारपर्यंत त्यांची तलवार मिळाली नाही तर पोलीस बोलावणार आहेत. मग माझ्याकडे शिवायला कोण टाकेल?"

गल्लीच्या टोकाला फ्रीमेसन या गुप्त संघटनेच्या मंडळींचं भवन होतं. त्यांच्यातच ख्रिस्ती सरदारांची एक आतली शाखा होती. सरदार एकूण अकरा. एरवी सांडपाण्याचे पाइप विकणारे गृहस्थ दर शनिवारी तिथे महासरदार होत, लाल क्रूसाचा पांढरा झगा पोटावरून कसाबसा खाली ओढत आणि दुबळ्यांच्या रक्षणाची शपथ घेत. झगे मावशी शिवायची. कालच्या सभेनंतर महासरदारांची तलवार गायब झाली होती.

"सरदार म्हणे," चष्मिस फिसकन हसला. "जिना चढताना कठडा सोडत नाहीत आणि घोड्यावर बसणार!"

"टिकली, झग्याला हात लावू नकोस," मावशी म्हणाली.

"मी नाही लावत. मुंग्या लावतायत."

खरंच! महासरदारांच्या दुरुस्तीला आलेल्या झग्यावर मुंग्यांची रांग थेट उजव्या बाहीत शिरत होती. चष्मिसने बाहीला नाक लावलं.

"क्रीम! पांढऱ्यावर पांढरं, म्हणून दिसलं नाही."

"म्हणजे केक कापला," ताई म्हणाली. "पण कशाने?"

भवनाच्या दारात मिशीवाले सरदार, म्हणजे एरवीचे दातांचे डॉक्टर, उभे होते.

"काका, काल केक कशाने कापलात?"

"आत काय घडलं ते बाहेर सांगता येत नाही. शपथ आहे."

"म्हणजे केक होता."

"होता असं मी म्हणालो नाही."

"चॉकलेटचा होता ना?"

"छे, व्हॅनि..." सरदारांनी जीभ चावली.

तिघं धावत सुटली ती थेट कोपऱ्यावरच्या बेकरीत. आत बेकरीवाल्या काकू एका लांबलचक, चकचकीत पात्याने पाव कापत होत्या.

"ही होय? काल भवनातून परत आलेल्या केकच्या ट्रेमध्ये होती," काकू म्हणाल्या. "धार बरी आहे, पण मूठ भारीच नटवी. न्या बाई तुमची."

चारच्या ठोक्याला अकराही सरदार मावशीच्या दारात हजर झाले. ताईने पावाच्या चुऱ्यासकट तलवार टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सरदार आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"केक तलवारीने कापला, हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?" मावशीने विचारलं. "आणि तरी कोणी बोललं नाही?"

"शपथ होती ना," मिशीवाले पुटपुटले.

महासरदार खाकरले. मग त्यांनी तिन्ही मुलांच्या डोक्यावर एकेक थाप मारली. "शाब्बास! काय ही हुशारी, काय हे धैर्य! खऱ्या सरदारांना शोभेल असं!" बाकीच्या दहांनी टाळ्या वाजवल्या. जाता जाता महासरदार मावशीकडे न बघताच म्हणाले, "आणि हो, झगा कमरेत दोन बोटं सैल करा."

तलवार गेली, टाळ्या गेल्या. मावशीने खाली वाकून मघाचं अंगुस्तान उचललं आणि महासरदारांचा झगा मांडीवर ओढला.

टिकलीने ताईचा हात हलवला. "ताई, हे लोक दुबळ्यांचं रक्षण करतात ना?"

"हो. तशी शपथच असते त्यांची."

"मग कोणापासून करतात गं?"

ताईने मावशीकडे पाहिलं आणि तिच्या मांडीवरच्या झग्याच्या बाहीवरून मुंग्या झटकायला लागली.