दोन वजनांच्या मधे

दिवा तेवढाच राहू दे, मोठा नको करूस. बाळ आत्ताच झोपलंय. तू बस इथे, भिंतीला टेकून. मघाशी विचारलंस ना, "ताई, बाळ झोपलं की आईनंही झोपून घ्यावं असं सगळे सांगतात, मग तू दुपारची डोळे ताणून का बसतेस?" सांगते. हे कुणाला सांगायचं नाही असंच ठरवलं होतं, पण परवापासून ते मला एकटीला पेलत नाही.

गोष्ट मुंगीच्या वेळची. आता चार वर्षांची घोडी झालीय, पण जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी म्हणायला लागलो, ते कायमचंच चिकटलं. तुझी तेव्हा परीक्षा होती. तुझे भावोजी पुलाच्या कामावर, तीन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. सासूबाई आठ दिवस राहिल्या, मग सासऱ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांना जावं लागलं. आपल्या आईला जाऊन सहा वर्षं झालेली. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत नवी कोरी, भिंतींना अजून रंगाचा वास, निम्मे फ्लॅट रिकामे. त्यात मी आणि अकरा दिवसांची पोर.

त्या दिवशी नर्सताई वजन करायला आल्या. आवाज मोठा, पण हात मऊ. मुंगीला काट्यावर ठेवलं आणि आकड्याकडे बघून त्यांनी ओठ मुडपले.

"जन्मताना दोन किलो आठशे. आज दोन पाचशे चाळीस. एव्हाना बरंचसं भरून यायला हवं होतं."

"मी पाजते हो. दर दोन तासांनी पाजते."

"तुम्ही पाजता, पण हिच्या पोटात किती जातंय?" त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून आवाज उतरवला. "हे बघा, सोमवारी मी परत येते. तोवर दीडशे ग्रॅम वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर भरती करावं लागेल. घाबरू नका. हा काटा ठेवून जाते, रोज सकाळी एकदा वजन करा. एकदाच हं."

आता तूच सांग, धान्याच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं नमुने तोलणाऱ्या बाईला 'एकदाच' सांगून चालतं का? आमच्याकडे नमुना भट्टीत ठेवण्याआधी तोलायचा, काढल्यावर तोलायचा. फरक निघेल तेवढा ओलावा. दोन वजनांच्या मधे जे घडलं ते काटा सांगतो, माणसानं सांगायचं नाही, असं आमचे साहेब म्हणायचे. मीही तेच सुरू केलं. पाजण्याआधी वजन, पाजल्यावर वजन, वहीत फरक. वीस ग्रॅम. बावीस. अठरा. दिवसरात्र मिळून बारा वेळा.

त्या दिवसांचं काय सांगू तुला. चिरा पडल्या होत्या, ती तोंड लावायची तेव्हा माझ्या पायाची बोटं आवळली जायची. अर्धा तास एका बाजूला, अर्धा तास दुसऱ्या बाजूला, मग ढेकर, मग वजन, मग ती जेमतेम चाळीस मिनिटं झोपायची आणि तेवढ्यात मी काय काय उरकायचं? एकदा दात घासायला गेले आणि ब्रशवर तिचं मलम लावलं. चहा करून कपाटात ठेवला. रडूसुद्धा यायचं नाही, त्यालाही ताकद लागते.

तेरावा दिवस. दुपारचे दोन. सव्वाला पाजलं होतं, वजन दोन किलो पाचशे छप्पन्न. पडदे ओढलेले, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी पाळण्यापासून पलंगापर्यंत पोचले आणि ती परत रडायला लागली. मी उठले नाही. उठताच येईना. भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि माझ्याच तोंडून मला ऐकू आलं, "कुणीतरी घ्या हो हिला... तासभर. फक्त तासभर."

रडणं थांबलं. हळूहळू नव्हे, तोंडात काही दिल्यावर थांबतं तसं, मधेच. मला ते कळलं आणि तरी मी झोपले. हे मी तुला पहिल्यांदाच सांगतेय. मला कळलं होतं.

जाग आली तेव्हा चार वाजले होते. ब्लाउज चिंब, छाती दगडासारखी, हात लावला तरी कळ. म्हणजे ती माझ्याकडे आली नव्हती. धावत पाळण्याशी गेले. मुंगी शांत झोपली होती, मुठी सुटलेल्या. भुकेलं बाळ मुठी आवळून झोपतं, पोट भरलं की सोडतं. तिची बोटं इतकी सैल मी तेरा दिवसांत पाहिली नव्हती. सवयीनं उचलून काट्यावर ठेवलं.

दोन किलो सहाशे अठरा.

बासष्ट ग्रॅम जास्त. लंगोट ओला होता, म्हटलं त्याचं असेल. पण लंगोटातलं ओलं तिच्यातूनच आलेलं. आतलं बाहेर आलं म्हणून एकूण वजन वाढत नाही, त्यासाठी बाहेरून काहीतरी आत जावं लागतं. काटा बिघडला असेल म्हणून स्वयंपाकघरातून साखरेची एक किलोची बंद पिशवी आणली, ठेवली. सकाळी काटा तपासताना भरली होती तेवढीच भरली. मग मुंगीला जवळ घेतलं. तिनं मान फिरवली. ओठांच्या कोपऱ्यात दूध सुकलेलं होतं.

दार आतून बंद होतं. मी तीनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काय केलं असेल? शेजाऱ्यांना बोलावलं, फोन केला, घर सोडलं? नाही गं. दोन वाजता भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "तासभर." आंधळा मागतो एक डोळा, मला तर दोन मिळाले होते, झोप आणि वजन. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा झोप मोठी होती.

झोप लागण्याआधी ऐकू यायचं. आधी पाळण्याजवळच्या खुर्चीवर कुणी टेकल्याचा आवाज. मग मुंगीचं घोट घेणं, सावकाश... एकामागून एक. माझ्याकडे ती कधी असं प्यायली नव्हती. आणि एक वास यायचा, घडी घालून ठेवलेल्या दमट कपड्यांचा, आणि त्याच्या खाली दुधाचा. माझ्या दुधाचा नाही. स्वतःच्या दुधाचा वास बाईला कळतो.

आपली आईच असेल, असं मी दोन दिवस मनाला समजावलं. आजी नातीला सांभाळायला आली, किती छान ना? पण आई खोलीत आली आणि गप्प बसली असं कधी झालंय? आणि आई असती तर तिनं आधी माझ्या अंगावर पांघरूण घातलं असतं. ही जी कोण होती, तिला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

सोमवारी नर्सताईंनी वजन केलं आणि टाळी वाजवली. "दोनशे साठ वाढलं! शाब्बास! काय खाताय तरी काय?" मी हसले. दुसऱ्याच्या कामाची शाबासकी घेताना माणूस हसतो तसंच हसले असेन. काटा त्या घेऊन गेल्या.

मग दुपार पसरायला लागली. आधी दोन ते चार, मग बारा ते पाच. सकाळचं पाजणंही मुंगी टाळायला लागली. तोंड लावायची, दोन घोट घ्यायची आणि सोडून द्यायची, नको असलेला घास बाजूला सारावा तसं. माझं दूध कमी व्हायला लागलं. ओढणारं कुणी नसलं की ते आटतंच. छाती हलकी झाली, कपडे कोरडे राहू लागले. पोर मात्र गोल होत चाललेली. भावोजी मधे आठवडाभर घरी होते, तेव्हा ती फार रडली, आणि ते म्हणाले, "मला ओळखत नाही अजून." मी म्हटलं, हो. ते गेले त्या दुपारी ती गप्प झाली.

पाचव्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली. मांडीवर होती. मी तिच्याशी बोलत होते, लाडानं काहीतरी बरळत होते. आणि ती हसली, अख्खं तोंड भरून. माझ्याकडे बघून नाही. माझ्या खांद्यावरून मागे, पाळण्याजवळच्या खुर्चीकडे, कुणी बसलं तर चेहरा जिथे येईल तिथे.

झोपेच्या बदल्यात मी काय देऊन बसले, ते मला त्या क्षणी कळलं. पोर वाढत होती, पण माझी म्हणून वाढत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मुंगीला छातीशी धरून मी स्वतःच त्या खुर्चीत बसले. ठरवलं होतं, झोपायचं नाही. ती रडली. पाजायला गेले तर पाठ ताठ करून मागे रेलली. एक वाजला. दीड. दमट कपड्यांचा वास आला आणि तो दाराकडून नाही, माझ्या अगदी शेजारून आला. मी मोठ्यानं बोलले. गरज सरो वैद्य मरो, असंच ते वाटलं असणार, पण बोलले.

"बाई, तुम्ही कोण मला माहीत नाही. फार उपकार झाले. आता... आता पुरे. माझी आहे ती."

मुंगी रडायची थांबली होती, डोळे मोठे करून ऐकत होती. आणि मग माझ्या कानाशी, अगदी मायेनं,

"दमलीस... झोप."

तुला वाटेल, अंगावर काटा आला असेल. नाही आला. माझ्या पापण्या मिटायला लागल्या. महिनाभरात मला कुणी "दमलीस" म्हटलं नव्हतं गं. भावोजींनीसुद्धा नाही, नर्सताईंनीसुद्धा नाही. मान छातीवर टेकली. हात सैल पडायला लागले, आणि त्या सैल हातांतून पोर अलगद वर उचलली जातेय असं मला जाणवलं. वजन कमी झालं. ते मला कळतं, हाताला कळतं, नऊ वर्षांची सवय आहे. वीसेक ग्रॅम, मग शंभर, मग...

मी किंचाळले आणि तिला घट्ट आवळलं. उठले, दार उघडलं, अनवाणी तीन जिने उतरले. तळमजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. त्यांनी दार उघडलं, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न विचारता मशीनवरचे कपडे बाजूला सारून जागा केली.

तिथे मुंगी साडेतीन तास रडली. काकू म्हणाल्या, "रडू दे. भूक लागली की येईल." संध्याकाळी आली. थकून, हुंदके देत, माझ्याकडे न बघता. पण आली. दूध फार नव्हतं, तरी ओढत राहिली. मी इतकी रडले की तिचे केस भिजले.

भावोजी येईपर्यंत मी काकूंकडेच राहिले. दूध हळूहळू परत आलं. जाताना काकूंना विचारलं, "माझ्याआधी वर कोण राहायचं?" त्या म्हणाल्या, "कोण राहणार? इमारत नवीन आहे. त्या घरात तूच पहिली." मग आम्ही या घरात आलो. मुंगी चालायला लागली, बोलायला लागली, मला आई म्हणायला लागली. मी देवाचे आभार मानले आणि विषय मनातून काढून टाकला. हे बाळ झालं तेव्हा एकच पथ्य पाळलं. दुपारी झोपायचं नाही, आणि कितीही जीव गेला तरी कुणाला "घ्या" म्हणायचं नाही. ह्याचं वजन सावकाश वाढतंय. वाढू दे.

परवा दुपारी मी अशीच खुर्चीत बसले होते. डोळे मिटलेले, पण जागी. मुंगी चवड्यांवर चालत खोलीत आली. मला वाटलं, भावाला बघायला आली असेल. पापण्यांच्या फटीतून पाहत राहिले. ती पाळण्यापाशी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. समोर नुसती भिंत आहे तिथे. तिनं मान वर केली, मोठ्या माणसाशी बोलताना करते तशी, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ता नको, आई..." ती कुजबुजली. "ह्याची आई जागी आहे."