तीन क्रमांकाचं पाकीट

निबंध क्रमांक सात गायब होता.

योगिनीने कपाटातले निबंध पुन्हा मोजले. नऊपैकी आठच. कॉलेजतर्फे दरवर्षी सांख्यिकी भौतिकीतल्या सैद्धांतिक कामाला पुरस्कार असे. विद्यार्थी, प्राध्यापक, कोणीही निबंध पाठवी. निबंधावर फक्त क्रमांक, नाव वेगळ्या बंद पाकिटात. योगिनी पुरस्काराची सचिव. १९९७चा निकाल दोन दिवसांवर होता.

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक शिपाई मोतीरामकडे, दुसरी विभागप्रमुख रंगनाथ सरांकडे. योगिनीने अहवालात फक्त मोतीरामचं नाव लिहिलं. सरांनी तिला एम.एस्सी.ला शिकवलं होतं. उद्या मोतीराम निलंबित होणार होता.

"चोरायचंच असतं तर पंखा नेला असता, मॅडम," तो म्हणाला. "ते कागद रद्दीत पावशेर बी भरायचे नाय."

तिने सात क्रमांकाचं पाकीट फोडलं. दीपमाला, एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. योगिनी मखमलाबादला तिच्या घरी गेली. अंगणात झेंडूचे क्रेट भरणं चाललं होतं. दीपमालाने जवळची प्रत दिली.

"हे आधी कोणी पाहिलं होतं?"

"फक्त रंगनाथ सरांनी. मसुदा महिनाभर त्यांच्याकडे होता. कच्चं आहे, यंदा पाठवू नको म्हणाले."

"तरी पाठवलंस?"

"हो. त्यांना न सांगता."

योगिनीने ती प्रत उरलेल्या आठ निबंधांशी ताडून पाहिली. मग नावाचं एक बंद पाकीट घेऊन सरांच्या खोलीत गेली.

"सर, दोघांनी हजार वेळा नाणं उडवलं, तर छापे दोघांचे साधारण पाचशे येतील. पण छापा-काट्याचा क्रम सारखा येणार नाही. दीपमालाने संगणकावर केलेल्या चुंबकाच्या गणितातही तसंच, प्रत्येक पाऊल जणू नाणं उडवूनच ठरतं. नुसता निष्कर्ष जुळला असता तर मी गप्प बसले असते. इथे दीपमालाच्या आलेखातला प्रत्येक बारीक चढउतार तीन क्रमांकाच्या निबंधात आहे. आकडे तिचेच आहेत. ते तिच्याशिवाय एकाच माणसाकडे होते. तिने निबंध पाठवलेला पाहून त्या माणसाला सात क्रमांक काढून घ्यावा लागला. किल्लीही त्याच्याकडे होती."

तिने तीन क्रमांकाचं पाकीट टेबलावर ठेवलं. "हे मी उघडलेलं नाही."

सरांनीही उघडलं नाही. खणातून सात क्रमांकाचा निबंध काढून त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

"निवृत्तीला दोन वर्षं राहिली," ते खाली बघत म्हणाले. "पुरस्कार एकदा तरी मिळावा असं वाटलं."

तिने निबंध उचलला आणि ती बाहेर पडली.

संध्याकाळी तिने नवा अहवाल लिहिला. सरांचं कृत्य लिहिलं, आणि मोतीरामचं नाव आपण काहीही न पडताळता घातलं, हेही. प्राचार्यांकडे नेण्याआधी तो मोतीरामला वाचायला देऊ केला. त्याने हात पुढे केला नाही.

"तुम्हीच वाचा, मॅडम. सकाळचा पण तुम्हीच वाचला होता, स्टाफरूममध्ये, सगळ्यांपुढं."

ती त्याच्या मागोमाग स्टाफरूममध्ये गेली. सगळे चहा पीत होते. तिने कागद उघडला, आणि स्वतःच्या नावाशी आल्यावर तिचा आवाज खाली आला.

"मोठ्यानं," मोतीराम म्हणाला.