किती झाले?

ही घटना शंभर टक्के खरी आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसावं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसलेच होते.

आता नाही हसत.

लिंडसी माझ्या शेजारच्या घरात राहते. ती आणि तिची पाच वर्षांची टिली, दोघीच. हे घडलं जानेवारीतल्या एका शनिवारी, कॉल्डफ्लीट गावच्या मैदानावर. भर दुपारी.

हो, दुपारी. प्रत्येक वेळी रात्रच लागते असं काही नाही.

लिंडसी लहानपणापासून ब्रॅमथॉर्प रोव्हर्सची. आमच्या गावची टीम इतक्या खालच्या लीगमध्ये आहे, की खेळाडू सोमवारी सकाळी पुन्हा नळ दुरुस्त करायला जातात. बाहेरगावी मॅच असली की मूठभर वेडी माणसं बस करून निघतात. त्या शनिवारी टिलीही निघाली. तिची बाहेरगावची पहिलीच मॅच. आनंदाने पोरगी आदल्या रात्री लोकरीची टोपी घालूनच झोपली होती. लाल टोपी, वर मोठ्ठा पांढरा गोंडा.

बसमध्ये म्हातारा रॉय मांडीवर ढोल घेऊन बसला होता. त्याने टोपी पाहिली मात्र...

"अगं लिंडसी, लाल? आपण पिवळे-काळे! लाल म्हणजे कॉल्डफ्लीटवाले. पोरगी विकलीस की काय त्यांना?"

"तुम्हीच समजवा. मी सकाळपासून हरतेय तिच्यापुढे."

"सवय आहे आपल्याला हरायची," मागून कुणीतरी म्हणालं.

टिलीने टोपी दोन्ही हातांनी कानांवर ओढली. "रॉय आजोबा, तुमचं नाकपण लालच आहे."

सगळी बस खो खो हसली. रॉय सगळ्यात जास्त.

कॉल्डफ्लीटचं मैदान नदीकाठी आहे. एका गोलमागे पत्र्याचं छप्पर, दुसऱ्या गोलमागे नुसता मातीचा चढ. आमच्या लीगमध्ये एक रीत आहे. आपली टीम ज्या गोलवर हल्ला करते, त्याच्यामागे उभं राहायचं. मध्यंतरानंतर टीम बाजू बदलते, म्हणून मध्यंतरात प्रेक्षकही बदलतात. कठड्याच्या कडेकडेने, समोरून येणाऱ्यांना टोमणे मारत पलीकडे जायचं. इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणी विचारसुद्धा करत नाही.

लिंडसीनेही केला नाही.

पहिल्या हाफमध्ये आमची माणसं पत्र्याच्या छपराखाली होती, आणि आमच्यावर एक गोल झाला. मग नदीकडून धुकं आलं. आधी लांबचा गोल दिसेनासा झाला. मग त्याच्यापुढचा गोलकीपर. मध्यंतराची शिट्टी वाजली तेव्हा लिंडसी टिलीला शू करायला घेऊन गेली होती.

दोघी बाहेर आल्या, तर...

धुकं दारापर्यंत आलं होतं.

कठड्याच्या कडेने माणसं चालली होती. गळ्यात पिवळे-काळे मफलर. पुढे कुठेतरी ढोल.

धम्म... धम्म... धम्म...

"चल पिल्लू, आपली माणसं निघाली बघ."

"मी रॉय आजोबांकडे जाते!" टिलीने हात सोडवला आणि पळाली. पांढरा गोंडा माणसांमधून उड्या मारत पुढे गेला... आणि विरघळला.

लिंडसी घाबरली नाही. आपलीच तर माणसं.

थोडं चालल्यावर तिच्या लक्षात आलं, की कुणी बोलत नाहीये. टोमणा नाही. खोकला नाही. पंचाला एक शिवी नाही. समोरून लाल मफलरवाले यायला हवे होते.

कुणीच आलं नाही.

मातीच्या चढावर सगळे थांबले. मैदानाकडे तोंड करून उभे राहिले. ढोल बंद झाला. थंडी अशी, की लिंडसीच्या प्रत्येक श्वासाची वाफ होत होती.

आजूबाजूच्या एकाच्याही तोंडातून...

वाफ निघत नव्हती.

तेवढ्यात खूप लांबून, पत्र्याच्या छपराकडून ओळखीची हाक आली. "लिंडसी! अगं कुठे गेलात दोघी?"

रॉयचा आवाज.

रॉय तिकडे होता.

लिंडसी त्या माणसांमध्ये घुसली. खांदे लागत होते ते भिजलेल्या पोत्यांसारखे, जड आणि गार. सगळ्यात पुढे, कठड्यापाशी, लाल टोपी दिसली. शेजारी चपट्या टोपीतला उंच म्हातारा.

टिलीचा हात त्याच्या हातात.

"मम्मी, आपण इथेच थांबायचं," टिली म्हणाली. "हे आजोबा म्हणतात, अजून दुसरा हाफ व्हायचाय."

"चल टिली. मॅच संपली."

हे आपण का बोललो, लिंडसीला आजही सांगता येत नाही. तिला फक्त तो इवलासा हात सोडवून हवा होता.

सगळ्यांच्या माना वळल्या. एकदम.

त्यांच्या चेहऱ्यांबद्दल लिंडसी बोलत नाही. मी एकदा विचारलं होतं. पुन्हा विचारणार नाही.

म्हातारा म्हणाला, "किती झाले?"

खरं तर आमची टीम एका गोलने मागे होती. पण हरलो म्हटलं आणि ह्याने हात सोडलाच नाही तर?

"दोन-एक," लिंडसी म्हणाली. "आपण जिंकलो."

चढावरून एक सुस्कारा गेला. लांबलचक... कधीचा कोंडून ठेवल्यासारखा. आणि म्हाताऱ्याची बोटं उघडली. एकेक करून.

लिंडसीने लेकीला उचललं आणि कठडा चाचपत जिवाच्या आकांताने पळाली.

रॉय आणि बसमधले सगळे चहाच्या टपरीपाशी उभे होते. रॉयचा ढोल बाकाखाली होता, खोळीत गुंडाळलेला.

"होतात कुठे? शोधून शोधून घसा बसला माझा!"

"बाजू बदलायला गेलो होतो... सगळ्यांबरोबर..."

"कुणाबरोबर? पंचाने मॅच केव्हाच रद्द केली. कुणी हललंसुद्धा नाही इथून."

लिंडसीने रडत रडत सगळं सांगितलं. रॉय थट्टा करणार तेवढ्यात चहा देणाऱ्या बाईने किटली खाली ठेवली. ती कॉल्डफ्लीटचीच.

"स्कोअर विचारला का गं त्यांनी?"

लिंडसीने मान डोलावली.

"मग काय सांगितलंस?"

"जिंकलो म्हणून."

बाईने चढाच्या दिशेने धुक्यात पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ही मॅच पुन्हा खेळवतील ना. पहिल्यापासून. आता तुम्ही खरंच जिंका म्हणजे झालं."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मॅच पुन्हा झाली, त्याच मैदानावर. लिंडसी गेली नाही. रॉय फोनवर कळवत होता. आमचा एक गोल झाला तेव्हा ती ओट्याला धरून रडली. शेवटी शेवटी समोरच्यांनी पाठोपाठ दोन मारले.

दोन-एक. पण उलटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिली टोस्ट आणि बीन्स खात होती. तिला निकाल कुणी सांगितला नव्हता. मध्येच तिचा घास थांबला.

"मम्मी, किती झाले?"

"तुला कशाला गं हवंय?"

"मला नाही." तिने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. काचेबाहेर नुसतं पांढरं धुकं. "त्यांना माहीत आहे. तू काय सांगतेस, ते बघायचंय त्यांना."

लिंडसी दाराकडे वळून बोलली.

"हरलो. त्या दिवशी मी खोटं बोलले. मला माझी मुलगी परत हवी होती."

टिलीने कान देऊन ऐकलं. कुणाला तरी मान डोलावली. आणि पुन्हा टोस्ट खायला लागली.

तेव्हापासून दर शनिवारी मॅच संपली की टिली हातातलं खेळणं खाली ठेवते आणि विचारते. लिंडसी खरं ते सांगते. हरलो. हरलो. बरोबरी. हरलो. आमची टीम कशी आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल. म्हणूनच निभावत होतं.

गेल्या शनिवारी आम्ही जिंकलो.

"तीन-शून्य," लिंडसीने सांगितलं. अगदी खरं.

टिलीने मान डोलावली नाही. दाराकडे बघत राहिली. बघतच राहिली...

"मम्मी, त्यांना खरं वाटत नाहीये. ते म्हणतात, पुढच्या वेळी जिंकलो म्हणालीस, तर आत येऊन विचारतो."

उद्या शनिवार आहे. मॅच आमच्याच मैदानावर, आणि समोर लीगमधली सगळ्यात दुबळी टीम. लिंडसी आणि टिली आजपासून माझ्याकडे राहायला आल्यात. आत्ता टिली माझ्या बाळाच्या पाळण्याशेजारी झोपली आहे, मूठ गालाखाली घेऊन. त्याने काय फरक पडणार आहे, माहीत नाही.

संध्याकाळी रॉय येऊन गेला. आत नाही आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. ज्या टीमसाठी म्हाताऱ्याने जन्मभर घसा फोडला, तिच्याबद्दल तो हलक्या आवाजात म्हणाला,

"देवा, उद्या हरू दे आमच्या पोरांना."