जेटीवरची केतकी

रेवसहून मुंबईला जाणारी सकाळची गाडी खाडीच्या कडेकडेने धावत असली, तरी खाडी आता कुणालाच दिसत नसे. समुद्र चढला तेव्हा रुळांलगत उंच संरक्षक भिंत उभी राहिली. खिडकीबाहेर नुसतं काँक्रीट. प्रवासी गुदमरू लागले. म्हणून खिडक्यांना 'पूरककाच' बसवण्यात आली. तिच्यात भिंतीऐवजी पूर्वीची खाडी दिसे: तिवरं, बगळे, नांगरलेल्या होड्या, एक जुनी जेटी.

वकील सुनंदा भगत रोज एकाच खिडकीशी बसे. भिंत व्हायच्या आधीच्या पुरात तिची सात वर्षांची केतकी वाहून गेली होती. एका सकाळी जेटीवर तिला एक ठिपका दिसला. काही दिवसांनी त्या ठिपक्याला दोन वेण्या आल्या. दिवाळीपर्यंत तिथे केतकी उभी होती.

सुनंदा थेट काच बनवणाऱ्या डॉ. इरावती केळुसकरांच्या प्रयोगशाळेत गेली.

"माझ्या मुलीचा फोटो तुमच्याकडे कुठून आला?"

"फोटो नाही, सुनंदाताई. आपल्या प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका असतो. तिथलं काहीच दिसत नाही, पण मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा भरून काढतो. काच तेच करते. फक्त काय भरायचं ते तुमच्या नजरेवरून ठरवते. नजर थबकली की ठेवते, सरकली की पुसते."

"म्हणजे ती मी काढली?"

"रोज थोडी थोडी. पुसून टाकू?"

"हात लावू नका!"

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला, विनायकला, सोबत आणलं. जेटीवरच्या मुलीने हात हलवला. विनायक काचेशी वाकला, बघत राहिला आणि मागे टेकला.

"ही केतकी नाही."

"काहीतरीच काय बोलतोस!"

"हनुवटी बघ. केतकीची माझ्या आईसारखी होती, निमुळती. ही गोल आहे. ही तुझी आहे, सुनंदा. डोळेसुद्धा तुझेच."

"तू विसरलायस तिला."

संध्याकाळी त्याने कपाटातून फोटो काढला. पुरानंतर सुनंदाने तो कधीच बघितला नव्हता. वाढदिवसाचा फ्रॉक, पडलेला दात, निमुळती हनुवटी. सुनंदा बराच वेळ बघत राहिली. पोर गोड होती. कुणाची तरी. तिने डोळे मिटून केतकीला आठवून पाहिलं, तर जेटीवरचीच समोर आली.

तिने विनायकसमोरच इरावतींना फोन लावला, स्पीकरवर. "काचेतली पुसली, तर खरी परत आठवेल?"

"नाही वाटत," इरावती थांबत थांबत म्हणाल्या. "आठवण म्हणजे जपून ठेवलेलं चित्र नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने रचतो. तुम्ही रोज सकाळी हिलाच रचत आलात. मला हे आधी सुचायला हवं होतं."

"मग राहू दे. हीसुद्धा गेली तर माझ्याकडे कोण उरेल?"

सकाळी विनायक न सांगताच तिच्याबरोबर निघाला. शेजारी बसला. गाडी सुटली तसे त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"अरे, बघ ना. आज हसतेय."

"नको," तो म्हणाला. "आपल्यातल्या एकाला तरी खरी आठवायला हवी."

जेटी जवळ आली. सुनंदाने त्याचा हात धरला आणि दुसरा हात काचेकडे उंचावला.