खालची रेघ

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि दादा वाद्यांच्या दुकानात गेलो. त्याच्या गिटारला जोडायचा सिंथेसायझर घ्यायचा होता. गिटार माझ्या पाठीवर होती, कारण दादाच्या उजव्या हातातली ताकद महिन्यागणिक कमी होत चालली होती. डॉक्टरांनी आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं होतं. मी ते वहीत लिहून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते पान फाडून टाकलं होतं.

दादाने एक धून रचली होती, तीन भागांची. तिचा शेवट त्याने कुणालाच ऐकवला नव्हता. हात चालतोय तोवर ती पुरी रेकॉर्ड करायची, एवढंच त्याला हवं होतं.

"या यंत्राला जोर लागत नाही," तो वाटेत म्हणाला. "तारेला नुसतं शिवलं तरी पुरे. मग बासरी काढ, नाहीतर अख्खा वाद्यवृंद."

दुकानदाराने दोन यंत्रं दाखवली. स्वस्तातलं यंत्र सगळ्या तारांचा आवाज एकत्र घेणारं होतं. दुसऱ्याबरोबर एक बोटभर पट्टी होती. ती तारांखाली बसवायची, आणि तिच्यात सहा तारांसाठी सहा वेगळे डोळे.

"हेच घ्या," तो म्हणाला. "त्या स्वस्तातल्याचा दोन तारा एकदम वाजल्या की गोंधळ उडतो. एक मात्र आधीच सांगतो, हे आधी तारेचा सूर ओळखणार आणि मग बोलणार. म्हणजे जरासं मागे राहणारच."

"मागे म्हणजे किती?" मी विचारलं.

दादाने वळून पाहिलं. "अरे वा. मौनीबाबांनी मौन सोडलं."

"सेकंदाचे हजार भाग केले ना ताई, तर त्यातले चाळीस," दुकानदार हसून म्हणाला. "सवय होते."

रविवारी दुपारी दादा पलंगावर बसला आणि मी खाली फरशीवर. पट्टी आणि तार यांत जेमतेम एक मिलिमीटर फट हवी होती. वहीचा पुठ्ठा सरकवून मी ती मोजली. मग एकेका तारेची संवेदनशीलता ठरवायची होती. तार जमेल तितक्या जोरात छेडायची, आणि यंत्राच्या छोट्या पडद्यावर त्या तारेची उभी कांडी वरच्या खुणेपर्यंत चढली पाहिजे. दादाची कांडी अर्ध्यावरही येत नव्हती.

"जोरात छेड ना."

"हाच जोर आहे गं."

मी खाली बघितलं आणि सहाही तारांची संवेदनशीलता शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवली.

रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर होत होतं. तिथे दोन रेघा उमटत. वरची रेघ खुद्द तारेची, खालची यंत्राची; सूर वाजला की रेघेवर डोंगर उठे. मोठं करून पाहिलं, की खालचा डोंगर वरच्यापेक्षा किंचित उजवीकडे सरकलेला दिसे. दुकानदाराचं खरं होतं. चाळीस.

मंगळवारी ते अंतर वीस झालं. गुरुवारी दोन्ही डोंगर एकाखाली एक आले. दादा फार दिवसांनी हसला. "ओळखायला लागलंय मला," तो म्हणाला.

शुक्रवारी खालचा डोंगर डावीकडे होता.

मी दोनदा केबल बदलली, तिसऱ्यांदा सगळं बंद करून पुन्हा लावलं. दुपारची वेळ, पडदा ओढलेला, खोलीत तापलेल्या यंत्राचा करपट वास. दादाचं बोट तारेपासून वीतभर दूर होतं, आणि बासरीचा सूर निघाला. मग बोट खाली आलं आणि त्याने तीच तार छेडली. तोच सूर.

"दादा… आपण हे परत देऊन टाकू."

"आणि धून कोण पुरी करणार? तू?" तो चिडला नव्हता. दमला होता. "पुढे जातंय तर जाऊ दे. ते वाजवतंय ते माझंच आहे ना?"

पुढच्या आठवड्यात यंत्र तीन सेकंद पुढे गेलं, मग दहा. आई संध्याकाळी कामावरून आली की दारातूनच ऐकायची आणि म्हणायची, "आज किती छान वाजवलंस रे." मला ती हळूच सांगायची, "त्याच्या हाताकडे टक लावून बघू नकोस."

त्या गुरुवारी मी यंत्र चालू केलं, तेव्हा दादाने गिटार नुसती मांडीवर घेतली होती. कांड्या आपोआप चढू लागल्या. बासरीने पहिला भाग वाजवला, दुसरा वाजवला, तिसरा सुरू केला आणि मध्येच एका सुरावर थांबली. आम्ही वाट पाहिली. पुढे काहीच आलं नाही.

"शेवट खाल्ला लेकाने," दादा म्हणाला. मग त्याने वाजवायला घेतलं. यंत्र गप्प राहिलं, नुसत्या तारा वाजत होत्या. पहिला भाग. दुसरा. तिसऱ्या भागात तो त्याच सुरापाशी आला, आणि त्याचा हात तारांवरून घसरून मांडीवर पडला.

तो पुन्हा उचलला गेला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

महिनाभराने दादा म्हणाला, "तू वाजव. मी शिकवतो."

"शेवट गुणगुणून दाखव ना. मी लिहून घेते."

"गुणगुणून सूर कळतो गं, बोट कळत नाही. तिथवर पोच, मग सांगतो."

मी शिकले. यंत्राशिवाय, नुसत्या गिटारवर. बोटांना घट्टे पडले. दादा डाव्या हाताने माझी मनगटं सरळ करायचा, "बोटं आहेत की भेंड्या?" म्हणायचा, आणि त्या तासाभरात तो आजारी दिसत नसे. ज्या सुरापाशी त्याचा हात पडला होता, तिथवर पोचायला मला दोनच ओळी उरल्या होत्या.

गेल्या बुधवारी आई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. जेवढं येतंय तेवढं बासरीत रेकॉर्ड करून ठेवू, तो आला की ऐकवू, असं मला वाटलं. मी केबल जोडली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि यंत्राचं बटण दाबलं. गिटार स्टँडवरच होती.

कांड्या चढल्या.

ते दादाचं वाजवणं नव्हतं. मी जिथे अडखळते, तिथे ते अडखळत होतं. माझे हात माझ्या मांडीवर होते. पहिले दोन्ही भाग पुरे करून ते तिसऱ्यात शिरलं, दादा थांबला होता तो सूर ओलांडून चार सूर पुढे गेलं. मग कांड्या बुटक्या होऊ लागल्या. आधी पातळ तारांच्या, मग जाड तारांच्या. बोटांतला जोर जाताना त्या कशा दिसतात, ते मला पाठ आहे. मग सहाही सपाट झाल्या.

दादा परत येण्याआधी मी सगळं आवरून ठेवलं. त्याला सांगितलेलं नाही. तो रोज हाक मारतो, मी रोज म्हणते, अभ्यास आहे. तारेला मी त्या दिवसापासून हात लावलेला नाही; तो सूर गाठलाच नाही, तर माझा हात पडणार नाही, असं मला वाटलं होतं. काल तो आईला म्हणाला, "कंटाळली गं ती. राहू दे." मी दाराआड उभी होते.

ते रेकॉर्डिंग मात्र मी पुसलेलं नाही. वरची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट आहे. खालची रेघ बुधवारी तीन मिनिटं बारा सेकंद चालत होती. शुक्रवारी उघडून पाहिली, तेव्हा ती दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर थांबली. आज एक मिनिट एकोणपन्नास.